ओवीवरचा दावा: पहिल्या क्लेमपासून तडजोडीच्या कागदापर्यंत

खानापूर तालुक्यातल्या एका गायिकेनं आईकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या बेळगावच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड करून स्वतःच्या यूट्यूब चॅनलवर टाकल्या. त्यावर मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा आधी क्लेम आला, मग स्ट्राइक, मग वकिलाची नोटीस आणि शेवटी दावा. ही फाईल पहिल्या ईमेलपासून तडजोडीच्या कागदापर्यंत आमच्या टेबलावरून गेली. आमच्यातला एक ध्वनिमुद्रण करतो, एक कोर्टात उभी राहते. सीमाभागातल्या भजनी मंडळाला, ऑर्केस्ट्रावाल्याला, शिवजयंतीच्या चित्ररथासाठी गाणं बसवणाऱ्याला उद्या याच वाटेनं जावं लागू शकतं, म्हणून लिहितोय. गायिकेचं आणि कंपनीचं नाव गाळलं आहे.

मत आधीच सांगतो. निकालापर्यंत लढण्याइतका पैसा अशा कलाकाराकडे नसतो आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे जो काही पैसा आणि दम असेल तो सुरुवातीच्या दिवसांत, कागद गोळा करण्यावर आणि मुदती पाळण्यावर घालवावा. पुढे दोन वर्षांनी चांगला वकील मिळून उपयोग होत नाही, कारण तोवर कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत गेलेली असते.

पहिला ईमेल आला तो कंटेंट आयडी क्लेमचा. हा क्लेम यंत्र लावतं. कंपनीनं दिलेल्या मूळ आवाजाशी आपल्या व्हिडिओतला तुकडा जुळला की बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे तिकडे वळतात, व्हिडिओ मात्र चालू राहतो आणि चॅनलला डाग लागत नाही. स्ट्राइक वेगळा. तो माणूस अर्ज करून लावतो, व्हिडिओ उडतो, आणि नव्वद दिवसांत असे तीन झाले की चॅनल बंद होतं. बरेच जण क्लेम आला की घाबरून व्हिडिओ काढून टाकतात, आणि त्याबरोबर अपलोडची तारीख, व्ह्यूज, खालच्या कॉमेंट्स असा सगळा पुरावाही स्वतःच्या हातानं पुसतात. व्हिडिओ काढायचाच असेल तर आधी पानाचे स्क्रीनशॉट घ्यावेत, क्लेममध्ये दाखवलेले नेमके सेकंद लिहून ठेवावेत आणि ‘यूट्यूब स्टुडिओ’ या विभागातला कमाईचा अहवाल उतरवून घ्यावा.

क्लेमवर हरकत घेतली की समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. त्यानं काहीच केलं नाही तर क्लेम आपोआप सुटतो. हरकत फेटाळली तर अपील, त्याला सात दिवस. अपीलही मान्य नसेल तर कंपनी व्हिडिओ काढायला लावते आणि स्ट्राइक बसतो. हरकत पाच दिवसांच्या आत घेतली तर वाद मिटेपर्यंत पहिल्या दिवसापासूनचे पैसे यूट्यूब बाजूला ठेवतं, उशीर झाला तर हरकतीच्या दिवसापासूनचेच. सणाच्या आठवड्यात गाणं चालतं आणि मग थंडावतं, त्यामुळे हे पाच दिवस छोट्या चॅनलला फार महागात जातात.

स्ट्राइकनंतरचा मार्ग म्हणजे प्रतिनोटीस. ती भरताना पूर्ण नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो आणि ती माहिती जशीच्या तशी समोरच्याकडे जाते. भारतातून भरली तरी अमेरिकेतल्या, यूट्यूबचं कार्यालय ज्या हद्दीत येतं तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य असल्याचं वाक्य त्यात असतं. ती पोचल्यावर कंपनीला अमेरिकी कामकाजाचे दहा दिवस मिळतात. तेवढ्यात कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. थोडक्यात, प्रतिनोटीस म्हणजे ‘दावा लाव नाहीतर सोड’ असं म्हणणं. समोरचा दावा लावेल असं गृहीत धरून, कागद तयार असतील तरच ती भरावी. या प्रकरणात कंपनीनं दावा लावलाच.

आपल्या कायद्यातही अशी एक सोय आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(सी) आणि २०१३ च्या नियमांतल्या ७५ व्या नियमाप्रमाणे तक्रार आली की प्लॅटफॉर्मनं ३६ तासांत मजकूर बंद करायचा, आणि २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आला नाही तर तो पुन्हा चालू करू शकतो. कागदावर ही सोय समतोल दिसते. पण श्रावणात टाकलेलं गाणं २१ दिवस बंद राहिलं की गणपती येऊन जातात.

आता खरा मुद्दा, ओवीत नेमकं कोणाचं काय आहे. हे नीट सुटं केल्याशिवाय एकाही पत्राला उत्तर देऊ नये. एका गाण्यात चार हक्क असू शकतात: शब्दांचा, चालीचा, वाद्यमांडणीतल्या नव्या भरीचा, आणि प्रत्यक्ष रेकॉर्डिंगचा. जात्यावरच्या ओवीचे शब्द पिढ्यान् पिढ्यांचे, त्यांवर कोणाची मालकी नाही. चालही तशीच. कंपनीच्या अल्बममधले मधले संगीताचे तुकडे नव्यानं रचलेले असतील तर ते त्यांचे. आणि त्यांचं रेकॉर्डिंग त्यांचं. मात्र रेकॉर्डिंगवरचा हक्क तोच आवाज उचलण्यापुरता असतो. तीच ओवी दुसऱ्या गळ्यातून नव्यानं गाऊन घेतली तर त्या रेकॉर्डिंगचा भंग होत नाही. कल्पनेवर आणि विषयावर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो, हे सुप्रीम कोर्टानं आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सांगून ठेवलं आहे. नोटिशींत मात्र ‘आमचं गाणं’ एवढंच लिहितात आणि चारही हक्क एकाच गाठोड्यात बांधतात. ते गाठोडं सोडवणं हे प्रतिवादीचं पहिलं काम.

क्लेममध्ये दाखवलेले सेकंद ऐकल्यावर गायिकेचा गळा जुळलेलाच नव्हता असं दिसलं. जुळला होता तो मधला तालाचा तुकडा. कॉम्प्युटरवर ताल-वाद्यं बसवणाऱ्या प्रोग्रामरनं तो एका विकतच्या लूप संचातून, म्हणजे तालाच्या तयार तुकड्यांच्या संचातून, घेतला होता आणि कंपनीच्या अल्बमच्या प्रोग्रामरनंही त्याच संचातून. अशा संचाचा परवाना कोणालाही मिळतो, म्हणून तो आवाज कोणा एकाचा नसतो, आणि यूट्यूबच्या नियमांप्रमाणे ज्यावर फक्त आपलाच हक्क नाही असा आवाज कंटेंट आयडीत घालताच येत नाही. हा बचाव भक्कम, पण त्याला खरेदीची पावती लागते. आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंमध्ये अर्धे संच पेनड्राइव्हवरून आलेले असतात. पावती नसेल तर हा मुद्दा मांडणारा माणूस स्वतःच दुसऱ्या एका भंगाची कबुली देऊन बसतो. इथे सुदैवानं संच विकत घेतलेला होता आणि बिलाचा ईमेल सापडला.

ओवी पारंपरिक आहे हे सिद्ध करायला ‘आमच्या आज्जीपासून गातात’ एवढं पुरत नाही. छापील किंवा तारखेसह नोंदलेलं काही हवं, आणि तेही कंपनीच्या अल्बमच्या आधीचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून गोळा केलेल्या जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर आहे. त्यात तीच किंवा जवळची ओवी सापडली तर गावाच्या नावासह छापून जोडावी. जुने लोकगीतसंग्रह, गॅझेटिअरमधले उतारे, शाळेच्या स्मरणिका चालतात. घरातल्या वहीत लिहिलेली ओवी पूरक म्हणून ठीक, पण वहीची तारीख सिद्ध होत नाही. गावातल्या दोन-तीन वयस्क बायकांची प्रतिज्ञापत्रं घ्यावीत, प्रत्येकीच्या स्वतःच्या शब्दांत. सगळ्यांचा मजकूर एकच असला की उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.

मग डिजिटल पुरावा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. पहिल्या भागावर ते यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याची सही, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची. त्यात फाईलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून काढलेला लांबलचक अंक, लिहावा लागतो. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो, नुसतं नाव बदललं तर बदलत नाही. इथं गडबड होते ती अशी. मूळ वेव्ह फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली की ती दाबून लहान होऊ शकते आणि वेगळीच फाईल तयार होते, मग हॅश कशाशीच जुळत नाही. स्टुडिओवाले जागा नाही म्हणून जुने प्रोजेक्ट उडवतात, आणि उरते फक्त अंतिम एमपी-थ्री, जिच्यातून गळा कोणता आणि लूप कोणता हे सुटं करून दाखवता येत नाही. तिसरं, पहिल्या भागावर सही लागते स्टुडिओवाल्याची. त्याच्याशी पैशांवरून भांडण झालेलं असेल तर तो सही देत नाही आणि सगळा पुरावा अडतो. म्हणून क्लेम आला त्याच दिवशी मूळ प्रोजेक्टचं पूर्ण फोल्डर दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर उतरवावं, हॅश काढून कागदावर लिहावा, आणि स्टुडिओवाल्याची बाकी आधी भागवावी.

स्टुडिओच्या बिलावरचं नावही बघावं. ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो, आणि पहिला मालक तोच. बिल भाच्याच्या नावे, पैसे नवऱ्याच्या फोनवरून, चॅनल मुलीच्या ईमेलवर, असं असलं की मालक कोण हाच वाद उभा राहतो. प्रोग्रामर नोकर नसतो, काम करून देणारा असतो, त्यामुळे त्यानं रचलेल्या तुकड्यांचा हक्क सहीच्या लेखी कागदाशिवाय गायिकेकडे येत नाही. तो कागद करताना मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत (कॉपीराइट कायद्याचं कलम १९). यूट्यूबवर टाकायचं म्हणजे जग, तेव्हा हे दोन्ही शब्द विसरायचे नाहीत. कागद योग्य स्टॅम्पवर नसेल तर फरकाची ड्युटी आणि दंड भरेपर्यंत कोर्ट तो पुराव्यात घेत नाही. कोल्हापूरच्या स्टुडिओत महाराष्ट्राच्या स्टॅम्पवर केलेला करार बेळगावात वापरायचा झाला तर फरकाचा प्रश्न येऊ शकतो, तेव्हा तो आधीच तपासून घ्यावा.

नोंदणीबद्दल दोन शब्द. कॉपीराइट नोंदणीशिवायही असतो. नोंदणीचा फायदा एवढाच की रजिस्टरमधली नोंद प्रथमदर्शनी पुरावा धरली जाते. शब्द, चाल किंवा चित्रासाठी अर्जाची फी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये. अर्ज ऑनलाइन होतो, डायरी नंबर मिळतो आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. पारंपरिक ओवी स्वतःच्या नावानं नोंदवायचा मोह आवरावा, कारण पुढे तेच आपल्यावर उलटतं. नोंदवायचं ते आपलं रेकॉर्डिंग आणि आपण खरोखर नव्यानं रचलेला भाग.

नावांची भानगड ही खास आपल्या भागातली. आधारवर कन्नड आणि इंग्रजी, शाळेच्या दाखल्यावर मराठी, चॅनलवर रंगमंचावरचं नाव, बँकेत लग्नानंतरचं. कंपनीच्या वकिलानं पहिली हरकत यावरच घेतली. उपाय साधा, ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. पण ते सुरुवातीला केलं तर एक साधा कागद असतो आणि हरकत आल्यावर केलं तर सारवासारव वाटते. मराठी वह्या, पत्रं, स्मरणिका यांचं भाषांतरही लागतं, कारण बेळगावच्या कोर्टात काम कन्नड किंवा इंग्रजीत चालतं. भाषांतर पानावर मोजून होतं. पन्नास पानांची वही देऊ नये, लागणारी चार पानं निवडावीत.

वकिलाची नोटीस इंग्रजीत आली, सात दिवसांत उत्तर द्या, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. मागण्या ठरलेल्या असतात: गाणं काढा, माफी मागा, भरपाई द्या, पुढे असं करणार नाही असं लिहून द्या. सात दिवस ही कायद्याची मुदत नव्हे, वकिलानं घातलेली असते. तरी उत्तर वेळेत आणि स्पीड पोस्टानं द्यावं, पोच जपावी. उत्तर लांबलचक नको. कोणत्या सेकंदांवर आक्षेप आहे, तो शब्दांबद्दल की चालीबद्दल की रेकॉर्डिंगबद्दल, मालकीचा करार कुठे आहे, हे विचारावं. ओवी पारंपरिक आहे आणि रेकॉर्डिंग आपलं आहे एवढं सांगावं. आणि कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० ची आठवण द्यावी: बिनबुडाच्या धमकीविरुद्ध धमकी मिळालेल्याला स्वतः दावा लावता येतो. समोरच्यानं रीतसर दावा लावून तो चालवला तर हे कलम गळून पडतं, पण वाटाघाटीच्या टेबलावर त्याचं वजन असतं.

करू नये ती गोष्ट म्हणजे कंपनीच्या माणसाला फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप. ‘साहेब, चुकून झालं, माफ करा, गरीब माणूस आहे’ हा मेसेज पुढे कबुलीजबाब म्हणून फाईलला लागतो. आपल्याकडे समोरच्याला नमतं घेऊन बोलायची रीत आहे, ती इथं घात करते.

फौजदारीची धमकी पोकळ नसते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात ठरवलं. सबइन्स्पेक्टर आणि वरच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती आणि त्या बनवायची साधनं जप्त करू शकतो. स्टुडिओत एकच कॉम्प्युटर असतो, तो गेला की वीस जणांची कामं अडकतात. जप्तीनंतर पंधरा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून वस्तू परत मागता येते, हे बहुतेकांना कळतं तेव्हा पंधरा दिवस उलटलेले असतात. स्टुडिओवाल्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाचं काम वेगळ्या डिस्कवर ठेवणं हाच त्यावरचा व्यवहारी मार्ग. तक्रार पोलीस ठाण्यात पोचल्याची कुणकुण लागली तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४८२) करण्यात दिरंगाई नको.

दावा मुंबईत लागला. सीमाभागातल्या कलाकाराचं खरं नुकसान इथून सुरू होतं. कॉपीराइटचा दावा जिल्हा कोर्टाच्या खाली चालत नाही, म्हणजे आपल्याच भागात लागला तरी खानापूर किंवा निपाणीच्या सिव्हिल जज्जाकडे नाही. शिवाय कलम ६२(२) मुळे वादीला आपण जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं दावा लावता येतो. ही सवलत मुळात गरीब लेखक-कलाकाराला परगावी धावावं लागू नये म्हणून होती, आज तिचा पुरेपूर वापर कंपन्या करतात. २०१५ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध संजय दालिया या निकालात सुप्रीम कोर्टानं थोडा लगाम घातला: वादीचं कार्यालय आहे तिथंच वादाचं कारण घडलं असेल तर त्यानं तिथंच जावं, लांबच्या शाखेच्या गावी प्रतिवादीला ओढू नये. पण कंपनीचं मुख्य कार्यालयच मुंबईत असेल तर हा निकाल फारसा कामाला येत नाही. दुसऱ्या राज्यातला दावा बेळगावला आणायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सुप्रीम कोर्टात अर्ज, म्हणजे दिल्लीतला आणखी एक वकील. आम्ही तो नाद सोडला. त्या खर्चात मुंबईतलं निम्मं काम उरकतं.

त्याआधी एक काम मात्र वेळेत झालं होतं, कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा कोर्टातला अर्ज. प्रतिनोटीस भरताच मुंबईत कॅव्हेट दाखल केलं, त्यामुळे आपलं ऐकून घेतल्याशिवाय मनाई हुकूम निघाला नाही. कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं, पुढे पुन्हा भरावं लागतं. समोरचा दाव्याची किंमत किती लावेल हे आपल्याला माहीत नसतं, आणि किमतीवर कोर्ट ठरतं, म्हणून दोन कोर्टांत भरावं लागतं. त्याची प्रत समोरच्याला पोस्टानं पाठवल्याची पोच जोडायची असते. एकतर्फी हुकूम एकदा निघाला की तो उठवायचा अर्ज आपण करायचा, तारखा आपण मोजायच्या, आणि गाणं तोवर बंद.

किंमत तीन लाख किंवा जास्त असेल तर प्रकरण व्यापारी न्यायालय कायद्याखाली जातं. मग दोन गोष्टी बदलतात. एक, तातडीचा दिलासा मागितलेला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे (कलम १२-ए). हे २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालानं पक्कं झालं. ती टाळायला वादी हमखास तातडीचा अर्ज जोडतो. तातडी खरी आहे की नुसता बुरखा, हे कोर्ट तपासू शकतं, असं २०२३ च्या यामिनी मनोहर निकालात आहे, आणि हा मुद्दा पहिल्याच तारखेला घ्यावा. व्हिडिओ आधीच उडालेला असताना तातडी कसली, हा प्रश्न इथं चपखल बसला.

दुसरी गोष्ट कैफियतीची. समन्स मिळाल्यापासून तीस दिवस, कोर्टानं कारण नोंदवून मुदत वाढवली तर कमाल १२० दिवस. १२१ व्या दिवशी हक्क संपतो, कोणतीही सबब चालत नाही. मनाई हुकुमाच्या अर्जाला उत्तर दिलं म्हणजे कैफियत दिली असं समजून गप्प बसणारे आम्ही पाहिले आहेत. ते दोन वेगळे कागद आहेत. कैफियतीसोबत सत्यतेचं निवेदन, आपल्याकडची सगळी कागदपत्रं आणि समोरच्या प्रत्येक कागदावर ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ हे द्यावं लागतं. नुसतं ‘अमान्य’ पुरत नाही, का अमान्य तेही हवं. मागाहून कागद जोडायला कोर्टाची परवानगी लागते आणि ती सहज मिळत नाही. म्हणून वर एवढं पाल्हाळ लावून पुराव्याबद्दल लिहिलं.

खर्चाचं गणित असं फुगतं: मुंबईचा वकील प्रत्येक तारखेला, बेळगावचा वकील कागद तयार करायला, भाषांतर, नोटरी, तज्ज्ञाचं प्रमाणपत्र, आणि रात्रीच्या बसनं जाऊन ‘आज बोर्डावर नंबर लागला नाही’ ऐकून परतणं. तमाशा, भजन, लग्नाचा ऑर्केस्ट्रा यांवर जगणाऱ्याचा मोसम तारखेपायी बुडतो तो वेगळाच. काही खर्च टाळता येतो. परवानगी असेल तिथं व्हिडिओ कॉन्फरन्सनं हजेरी लावावी. तारीख ई-कोर्टच्या अ‍ॅपवर सोळा अक्षरांच्या सीएनआर नंबरानं स्वतः बघावी, वकिलाच्या फोनची वाट पाहू नये. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. पण मुंबईतल्या दाव्यासाठी ती मुंबईच्या प्राधिकरणाकडे मागावी लागते, आणि यादीवरच्या वकिलाला कॉपीराइटची सवय असेलच असं नाही. असा वकील मिळाला तर त्याला शब्द, चाल, वाद्यमांडणी आणि रेकॉर्डिंग या चार हक्कांचा तक्ता छापून हातात द्यावा. हरणाऱ्यानं खर्च द्यायचा असा नियम आहे खरा, पण तो पैसा येईतो उसनवारी दुप्पट झालेली असते.

भरपाईची मागणी लाखांत होती. ती खाली आणली कमाईच्या अहवालानं. कॉपीराइट असल्याची कल्पना नव्हती आणि असण्याचं वाजवी कारणही नव्हतं हे प्रतिवादीनं दाखवलं तर कलम ५५ प्रमाणे त्याच्याकडून मनाई आणि झालेल्या नफ्याचा भाग यापलीकडे काही घेता येत नाही. चॅनलचा नफा स्टुडिओच्या बिलाइतकाही नव्हता. हे आकडे कोर्टासमोर आले तेव्हा कंपनीची भाषा मऊ झाली, आणि मध्यस्थीची गोष्ट निघाली.

दाव्याआधीची मध्यस्थी झाली असती तर ३ ते १० लाखांच्या वादात मध्यस्थाची फी १५ हजार, ती दोघांत निम्मी निम्मी. सगळ्या प्रवासात सर्वांत कमी खर्चाचा टप्पा हाच होता आणि नेमका तोच चुकवला गेला होता.

तडजोडीचा पहिला मसुदा कंपनीकडून आला. त्यात पैसे थोडेच मागितले होते, पण तिसऱ्या पानावर गायिकेनं ‘सदर ओव्यांची मालकी वादीची असल्याचं मान्य’ करायचं होतं, आणि तिची पुढची सगळी रेकॉर्डिंगं कायमची, जगभरासाठी कंपनीच्या नावे करायची होती. छोटे कलाकार रकमेकडे बघतात आणि इथं सही करतात. आम्ही ते पान काढायला लावलं. ‘कोणत्याही हक्काची कबुली न देता’ हे शब्द घातले, वादातला तालाचा तुकडा बदलून नवं मिश्रण टाकायचं मान्य केलं, आणि दोन्ही बाजूंनी आपापला खर्च सोसायचा ठरवला. तडजोड दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे कोर्टात नोंदवून घ्यावी, बाहेरच्या बाहेर कागद करून थांबू नये.

यूट्यूबचं काम मसुद्यात वेगळं लिहावं लागतं, नाहीतर दावा मिटतो आणि स्ट्राइक तसाच राहतो. स्ट्राइक लावणाऱ्यालाच मागे घेता येतो, तेव्हा तो किती दिवसांत मागे घेणार हे लिहावं. कंपनीनं कंटेंट आयडीतल्या मूळ फाईलमधून तो लूपचा भाग वगळावा, हेही लिहावं. हे राहिलं तर नवं गाणं टाकल्या टाकल्या यंत्र पुन्हा क्लेम लावतं, कारण यंत्राला तडजोड माहीत नसते. कंपनीनं भाग वगळल्याचं कळवलं की नवं मिश्रण आधी अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असं, टाकून बघायचं. तपासणी पूर्ण होऊन क्लेम आला नाही तरच कोर्टात पूर्ततेचा अर्ज द्यायचा, तोपर्यंत तारीख पुढची मागायची.